पाण्याखालचे चार दिवे

माझा धंदा दिव्यांचा. गिरगावात लहानसं दुकान आहे, पण मी दुकानात कमी आणि बाहेर जास्त असतो. लोकांच्या घरांत, दवाखान्यांत, हॉटेलांत छताला दिवे बसवून देतो. कुठला दिवा कुठे लावला की खोली मोठी दिसेल आणि कुठे लावला की माणसाच्या डोळ्यांखाली सावली पडणार नाही, एवढं मला नीट कळतं. पाण्यातलं मात्र काही कळत नव्हतं. चौपाटीपासून दहा मिनिटांवर लहानाचा मोठा झालो, तरी पोहायला शिकलो नाही. समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलो नाही.

त्यामुळे माटुंग्याच्या दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. त्यांच्या दवाखान्यातले दिवे मीच लावले होते. पन्नाशीचा, शिस्तीचा, पण मोकळा माणूस. त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून एक जुनी मोटरबोट विकत घेतली होती. सात-आठ माणसं बसतील एवढी, पुढे छोटी केबिन, मागे बसायला बाकं. रविवारी घरच्यांना घेऊन बंदरातून बाहेर एक फेरी मारायची, एवढाच त्यांचा शौक. पावसाळाभर बोट माझगावच्या बाजूला एका यार्डात चढवून ठेवलेली होती. ती परत पाण्यात उतरायच्या आत त्यांना तिच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या खाली, चार दिवे हवे होते.

त्यांनी एक फोटो पाठवला. कुठल्यातरी परदेशातली बोट, भोवती अंधार, आणि बोटीखालचं सगळं पाणी निळं उजळलेलं.

"जमेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

फोटो बघून माझे हात शिवशिवले होते. "जमेल," मी म्हणालो.

घरी बायकोला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून नीट पाहिला. "म्हणजे बोटीला पाण्याखाली भोकं पाडणार?"

"वायर आत न्यायला लागतातच. लहान असतात. बोटाएवढी."

"बाबांना विचारलंस?"

खरं सांगतो, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, गोदीत होते. तीस-बत्तीस वर्षं जहाजांच्या दुरुस्तीत काढून ते निवृत्त झाले आणि परळच्या घरी बसले. 'गोदीत होते' यापलीकडे मला त्यांच्या कामाबद्दल काही माहीत नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. मी गेलो की ते उठून खुर्ची द्यायचे, "बसा जावई" म्हणायचे, सासूबाई सुरमईचा मोठा तुकडा माझ्या ताटात वाढायच्या, आणि मग आम्ही दोघं हवापाण्यावर बोलायचो. ते मला तुम्ही म्हणायचे, मी त्यांना तुम्ही म्हणायचो, आणि त्या दोन 'तुम्हीं'च्या मध्ये बोलायला फारसं काही उरायचं नाही. मला ते थोडे कंटाळवाणेच वाटायचे.

रविवारी परळला गेलो आणि चहा पिता पिता विषय काढला. मामांनी फोटो बघितला नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. बोट लाकडाची की फायबरची? फायबरची असेल तर मागच्या भिंतीच्या पोटात काय भरलंय? आणि बोट वर्षातून किती महिने पाण्यात असते?

पहिल्याचं उत्तर मला येत होतं, फायबरची. बाकी दोन्ही मी डॉक्टरांना विचारलेच नव्हते.

"मग भोक कुठे पाडायचं ते कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी. फोटो बघून."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर. नुसतं बघायला."

यार्डात बोट लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पाण्यात असताना बोटीचा किती भाग आपल्याला दिसतच नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. तिचा कठडा माझ्या डोक्याच्या बराच वर होता. मागची दोन्ही इंजिनं काढून शेडमध्ये ठेवली होती, त्यामुळे मागची सपाट भिंत मोकळी दिसत होती. मी खाली बसून टेप काढली, दिव्यांच्या जागा मोजायला लागलो. मामा पिशवी खांद्याला लावून बोटीभोवती चालत होते. एक फेरी, मग दुसरी. मग त्यांनी पिशवीतून एक लहान लाकडी हातोडी काढली आणि मागच्या भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. जोरात नाही. दारावर आपण टकटक करतो तेवढंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चार-चार बोटांच्या अंतराने, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत. प्रत्येक ठोक्यानंतर ते मान थोडी कलती करायचे.

मला सगळे ठोके सारखेच ऐकू येत होते. त्यांना नव्हते. डाव्या बाजूला, पाण्यातून वर चढायची जी स्टीलची शिडी असते तिच्या बोल्टांच्या खाली, ते थांबले. तिथेच पाच-सहा वेळा ठोकलं. मग खडूने एक गोल काढला.

"इथे आवाज बसलाय," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आत काहीतरी बरोबर नाही. उघडल्याशिवाय सांगता यायचं नाही. इथे भोक नको."

मी टेप लावून पाहिलं. चार दिवे सारख्या अंतरावर लावायचे तर तिसरा नेमका त्या गोलाच्या कडेत येत होता. तसं मी त्यांना सांगितलं.

"मग सारख्या अंतरावर नको लावू या," ते शांतपणे म्हणाले.

दिव्याच्या माणसाला हे पटणं कठीण. मी वाद घातला नाही, पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

मग त्यांनी रंग विचारला. मी निळा सांगितल्यावर ते धक्क्याच्या कडेला गेले आणि खाली पाण्याकडे बघत राहिले. भरती होती, पाणी दुधाच्या चहासारखं. "ह्या पाण्यात निळा कुठे दिसायचा, जावई? हे काय फोटोतलं पाणी आहे?"

माझ्याकडे घाऊक व्यापाऱ्याने दिलेले नमुन्याचे दोन दिवे होते, एक निळा, एक हिरवा. मामांनी यार्डातलं एक उंच पत्र्याचं पिंप मागून घेतलं आणि मला धक्क्यावरून दोरीला बादली बांधून पाणी भरायला लावलं. अकरा बादल्या झाल्या. मग पिंपाच्या तळाशी दिवा सोडून, बॅटरीला जोडून, वरून ताडपत्री घेतली आणि आम्ही दोघांनी आत डोकी घातली. निळा दिवा लागला की नाही हे मला वायर तपासून बघावं लागलं. तो लागलेला होता. तळाशी एक मळकट डाग होता, बस. मग हिरवा सोडला. पिंपभर उजेड झाला. पाण्यातला गाळ त्या उजेडात हळूहळू फिरताना दिसत होता.

"तुम्हाला कसं माहीत होतं?" मी ताडपत्रीच्या आतूनच विचारलं.

"आमचे पाणबुडे जहाजाखाली जायचे दिवे घेऊन. वर दोरी धरून मी उभा. कुठला दिवा किती खोलवर दिसतो, ते बघून बघून कळतं."

त्या दोन्ही दिव्यांचे व्हिडिओ मी डॉक्टरांना पाठवले. तासाभराने त्यांचा निरोप आला, ठीक आहे, हिरवा.

भोकं पाडायचा दिवस उजाडला तेव्हा मला वाटलं होतं, मामा बाजूला बसतील. ते माझ्या कोपराला हात लावून उभे राहिले. त्यांची पद्धत माझ्या कल्पनेच्या उलटी होती. वायरीला बोटाएवढं भोक लागतं, तर आधी त्याच्या तिप्पट मोठं पाडायचं. मग ते पूर्ण राळेने, म्हणजे रेझिनने, भरून टाकायचं. राळ दगडासारखी घट्ट झाली की तिच्या मधोमध वायरीपुरतं भोक पाडायचं. म्हणजे पुढेमागे बाहेरून पाणी शिरलंच तर ते राळेला लागेल, फायबरच्या दोन थरांमध्ये जे लाकूड भरलेलं असतं त्याला लागणार नाही.

मशीन चालू झालं आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदा माझ्यासाठी 'तू' आलं. "जोर लावू नको रे. ते आपलं आपण जाईल. सरळ धर, सरळ. हात वाकतोय तुझा." आठ वर्षांत त्यांनी मला कधी असं काही म्हटलं नव्हतं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. उजव्या बाजूची दोन भोकं छान झाली. आधी पांढरी पूड, मग लाकडाचा कोरडा, फिकट भुसा. मामांनी तो भुसा चिमटीत घेऊन चोळला, मान हलवली आणि चहा प्यायला फाटकाकडे गेले.

मी एकटाच उरलो. डावीकडच्या दिव्यांच्या नव्या जागा आम्ही पेन्सिलीने आखून ठेवल्या होत्या, सरकवलेल्या. मी दहा पावलं मागे गेलो आणि बघितलं. वाकडं दिसत होतं. कोणालाही दिसलं असतं. परत जवळ येऊन मोजलं. खडूच्या गोलाच्या फक्त दोन बोटं आत भोक घेतलं की चारही दिवे एका रांगेत, सारख्या अंतरावर येत होते. दोन बोटांनी काय होतंय, असा विचार केला. म्हातारी माणसं जरा जास्तच सांभाळून असतात, असाही केला. आणि मशीन लावलं.

पांढरी पूड आली. मग भुसा यायला हवा होता. त्याऐवजी काळा चिखल आला, आणि त्याच्या मागून तपकिरी पाणी. ते मशीनवरून माझ्या मनगटापर्यंत ओघळलं. त्याला पाण्यात कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांसारखा वास होता. मी मशीन बंद केलं, आणि काय करावं ते न सुचून भोकात बोट घालून उभा राहिलो.

मामा आले ते मी तसाच उभा असताना. त्यांनी आधी माझा चेहरा बघितला, मग बोट.

"काढ," ते म्हणाले.

मी बोट काढलं. त्यांनी तो चिखल तळहातावर घेतला, नाकाशी नेला, अंगठ्याने दाबला. त्यांच्या तोंडून मालवणीत एवढंच आलं, "तुका सांगलंय ना?" तेही रागाने नाही. मग ते शिडीच्या बोल्टांकडे बघायला लागले. "ह्या बोल्टांतून पाणी जातंय. एक-दोन वर्षांचं नाही हे. खाली उतरून लाकडात बसलंय."

मला फक्त एकच गोष्ट सुचत होती. "मामा, नाहीतरी आपण मोठं भोक राळेने भरणारच आहोत. हेही भरून टाकू या. बाहेरून काही कळणार नाही."

त्यांनी तळहात पिशवीला पुसला. "दोन्ही इंजिनं ह्याच भिंतीवर टांगतात," ते म्हणाले. "आणि वर बाकांवर डॉक्टरांची पोरं बसतात." मग म्हणाले, "फोन कर त्यांना. आत्ता कर. संध्याकाळी नको."

मी फोन केला. डॉक्टर दोन पेशंटच्या मधली वेळ काढून तासाभरात आले. त्यांनी आधी भोक बघितलं, मग खडूचा गोल, मग आमच्याकडे.

"मी दिवे लावायला सांगितले होते. बोट फोडायला नाही," ते म्हणाले. "आणि ही खूण कसली? इथे भोक पाडू नये अशी खूण आहे ना ही?"

मी मान खाली घातली. मामांनी आता खरं ते सांगितलं असतं तर त्यात काही चूक नव्हती. ह्यांना मी नको म्हटलं होतं, एवढं वाक्य पुरलं असतं.

"भोक आम्ही पाडलं," मामा म्हणाले. "पाडलं म्हणून कळलं. तुम्ही बोट घालून बघा, डॉक्टर."

त्यांच्या आवाजात विनवणी नव्हती आणि ताठाही नव्हता. डॉक्टरांनी बाही वर केली आणि बोट घातलं. बाहेर काढून ते बोटावरचा काळा गाळ बघत राहिले. मामांनी हातोडी त्यांच्या हातात दिली. "इथे ठोका. आता इथे."

डॉक्टरांनी उजवीकडे ठोकलं, डावीकडे ठोकलं, परत उजवीकडे ठोकलं. त्यांचा चेहरा बदलला. मला जे ऐकू येत नव्हतं ते त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. "दातावर ठोकून मी हेच बघतो," ते हळू म्हणाले. मग गाडीकडे गेले आणि आपली बॅग घेऊन आले. दात बघायचा तो छोटा गोल आरसा त्यांनी भोकात सरकवला, मामांनी टॉर्च धरला, आणि दोघं डोक्याला डोकं लावून आत बघायला लागले. एक सत्तरीचा गोदी कामगार आणि एक दातांचे डॉक्टर. टोकदार सळई आत घालून डॉक्टर टोचून बघत होते. "मऊ आहे. इथेही मऊ. इथे कडक लागतंय."

"तिथपर्यंतच असेल," मामा म्हणाले.

डॉक्टर उभे राहिले. सकाळपासून त्यांना पेशंट जो प्रश्न विचारत असतील तोच त्यांनी मामांना विचारला. "वाचेल ना?"

"वाचेल. पण सगळं कुजकं काढावं लागेल. थोडं जरी ठेवलं तर परत तेच."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. आणि पहिल्यांदा हसले.

दुरुस्ती मामांनी आपल्या हातात घेतली. बोटीच्या आतून भिंतीचा पापुद्रा कापला, तेव्हा आतली कुजकी जागा जेवायच्या पाटाएवढी निघाली. ती त्यांनी पटाशीने खरवडून काढली, लाकूड कोरडं आणि फिकट लागेपर्यंत. मग अडलं ते हवेपाशी. सप्टेंबरचे दिवस, मधूनच सरी, हवेत ओल. उरलेलं लाकूड आतपर्यंत सुकल्याशिवाय नवीन काही बसवता येत नव्हतं. दोन दिवस वाट पाहिली. मामा रोज येऊन हात लावून बघायचे आणि परत जायचे. मी त्यांना काळजीत पहिल्यांदाच पाहत होतो.

मला माझ्या पोटमाळ्यावरचे हॅलोजन आठवले. एलईडी आल्यापासून ते कोणी घेत नाही, कारण उजेडापेक्षा आच जास्त. मी दोन काढून आणले, त्या जागेपासून हातभर लांब लावले आणि शेजारी बसलो. लाकूड करपू नये म्हणून दर थोड्या वेळाने दिवे सरकवायचे, हात ठेवून ऊब बघायची. असे तीन दिवस मी बसलो. चौथ्या दिवशी सकाळी मामांनी आत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला.

"चांगलं सुचलं तुला," ते म्हणाले.

माझ्या कामाचं कौतुक खूप लोकांनी केलंय. डॉक्टरांनीही केलं होतं. पण ह्या तीन शब्दांनी मी दिवसभर हवेत होतो.

पुढचं काम मी फक्त बघितलं, आणि ते बघायला मिळालं ह्याला मी नशीब समजतो. बोटीच्या मागच्या पोटात जागा इतकी अडचणीची की बसता येत नाही. मामा एका कुशीवर आडवे झाले, डोकं आणि हात आत, पाय बाहेर. मी त्यांच्या डोक्याशी टॉर्च धरून ओणवा. नवीन प्लायचे तुकडे त्यांनी कागदाचे नमुने कापून, घासून, पुन्हा घासून असे बसवले की फटीत नख जाईना. मग काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ. राळ एकदा कालवली की थोड्याच वेळात घट्ट व्हायला लागते, म्हणून ते वाटीएवढीच कालवायला सांगायचे. ओलं कापड जागेवर पसरायचं आणि ब्रशच्या टोकाने ते ठोकत जायचे, मधून कडेकडे, मधून कडेकडे, आतल्या हवेचा एकेक बुडबुडा बाहेर ढकलत. कापड पांढरं असतं तिथे हवा असते, पारदर्शक झालं की बसलं. ते एवढं एकाग्र होऊन करत होते की मी हाक मारली तरी ऐकू जात नव्हती. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता. मी रुमालाने पुसला, तेही त्यांना कळलं नाही.

सातव्या थराला ते थांबले. "पाणी आपली वाट सोधता," ते मालवणीत स्वतःशीच म्हणाले. "आपण ठेवायची नाय."

बाहेर आल्यावर त्यांना सरळ उभं राहायला वेळ लागला. मी खांदा दिला. मग शिडीचे बोल्ट नव्याने बसवले, माझं ते चुकलेलं भोकही आता नव्या घट्ट भिंतीत जिरून गेलं होतं. मामांनी सगळीकडे हात फिरवला आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. "घे. आता लाव तुझे सारख्या अंतरावर."

दिवे मी बसवले. त्यांनी एकदाही मध्ये हात घातला नाही.

बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी मी धक्क्यावर उभा राहणार होतो. क्रेनच्या पट्ट्यांवर ती खाली गेली, पाण्याला टेकली आणि हलायला लागली. मामा आधीच आत उतरले होते. त्यांनी मागच्या पोटाचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली.

"मी इथूनच बघतो," मी म्हणालो.

"दिवे तू बसवलेस ना? मग तूच बघायचं. ये."

यार्डाच्या माणसाने हात दिला आणि मी डोळे मिटून पाय टाकला. मामांनी चारही वायरींच्या भोवती आणि दुरुस्तीच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरली होती. "ओल आली तर पावडर काळी पडते. डोळ्याला पाणी दिसायच्या आधी पावडर सांगते." आम्ही दोघं गुडघे पोटाशी घेऊन, टॉर्च लावून, त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत बसलो. फायबरच्या पलीकडे, माझ्या खांद्यापासून चार बोटांवर, समुद्र आपटत होता. मला तो ऐकू येत होता.

मामाच बोलायला लागले. नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. एका जहाजाच्या पाईपचा जोड त्यांच्या हातून नीट बसला नव्हता. त्यांना ते कळलंही होतं, पण सुट्टीची वेळ झाली आणि ते घरी गेले. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या पाळीला जाऊन मिस्त्रींना सांगितलं.

"मिस्त्री काय म्हणाले?"

"काही नाही. बरोबर आले आणि जोड उघडून दिला, नीट कर म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, काल सांगितलं असतंस तर झोप तरी लागली असती." मामा टॉर्च दुसऱ्या वायरीवर नेत म्हणाले, "म्हणून तुला त्या दिवशी लगेच फोन करायला लावला."

अर्धा तास झाला. पावडर चारही ठिकाणी पांढरीच होती. मी पाण्यात आहे हे मला मधे कधीतरी विसरायला झालं होतं.

त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळी सूर्य गेल्यावर आम्ही बंदरातून निघालो. बायको होती, सासूबाईही होत्या. सासूबाईंना वारा लागू नये म्हणून बायकोने त्यांच्या डोक्यावरून शाल घेतली होती. डॉक्टर स्वतः चालवत होते. किनाऱ्यावरचे उजेड लहान झाल्यावर त्यांनी इंजिनं बंद केली. बोट नुसतीच डुलायला लागली.

"लावा," ते मला म्हणाले.

मी बटण दाबलं. मागच्या बाजूला पाण्यात हिरवा उजेड झाला. फोटोतल्यासारखा स्वच्छ नाही. आमच्या पाण्याचा, गाळाचा, जरा धुरकट, पण रुंद, चारही दिव्यांचा एकमेकांत मिसळलेला. दोन मिनिटांत त्यात बारीक मासे आले आणि उजेडातच गोल फिरायला लागले. डॉक्टरांचा भाऊ काहीतरी म्हणाला, मला ते कळलं नाही. मी मामांकडे बघत होतो. ते कठड्याला रेलून खाली बघत होते, पण माशांकडे नाही. ते भिंतीच्या डाव्या बाजूकडे बघत होते.

सासूबाई उठून हळूहळू त्यांच्याजवळ गेल्या. लग्न होऊन त्या परळला आल्या तेव्हापासून मामा सकाळी डबा घेऊन गोदीत जात होते. आत जायला पास लागायचा, घरच्यांना मिळायचा नाही. फाटकाच्या आतलं त्यांनी कधी काही पाहिलं नव्हतं. त्या खाली वाकून बघत राहिल्या.

"ह्या सगळा तुम्ही गोदीत करी होतात?" त्यांनी विचारलं.

"ह्येच्यापेक्षा मोठा."

"कधी सांगलात नाय."

"तू कधी इचारलंस?"

सासूबाई बाकावर बसल्या. मग शेजारी त्यांच्यासाठी जागा केली आणि म्हणाल्या, "आता इचारतंय. सांगा."

मामा बसले. डॉक्टरांनी इंजिनं चालू केली, अगदी हळू, आणि बोट परत वळली. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. इंजिनांच्या आवाजात मामांचं बोलणं मला तुटक ऐकू येत होतं. बोट किती मोठी, भिंत आतून कशी असते, लाकूड का कुजतं. ते दोन्ही हातांनी जाडी दाखवत होते, तळहातावर बोटाने काहीतरी काढत होते, आणि सासूबाई मधूनच एखादा प्रश्न विचारत होत्या. धक्का आला, दोरी बांधली गेली, आम्ही बाकीचे उतरलो, तरी ते दोघं बसूनच होते. डॉक्टर म्हणाले, बसू द्या त्यांना, मला घाई नाही.